“सर, बस दो मिनट”: विक्रीच्या चिकट फोनबद्दल इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

कर्ज, क्रेडिट कार्ड, विमा, शेअरच्या टिप्स, सुपर कॉरिडॉरवरचा प्लॉट, नातवाचं कोचिंग. विकायचं काहीही असो, फोनवरचा सूर एकच असतो. सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर भागातल्या मराठी घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न बहुतेक लोकांच्या तोंडचे आहेत तसेच ठेवलेत.

फोन उचलला आणि पलीकडे विक्रीवाला निघाला. नेमकं काय बोलायचं?

“नको आहे. माझा नंबर यादीतून काढा.” एवढं बोलून फोन ठेवायचा. हिंदीत बोलायचं असेल तर “नहीं चाहिए, नंबर हटा दीजिए.”

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे जे बोलायचं नाही ते. कारण द्यायचं नाही. आपल्याला वाटतं, खरं कारण सांगितलं की समोरचा समजून घेईल. पण त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर आपल्या प्रत्येक कारणाचं उत्तर आधीच लिहिलेलं असतं. “सध्या पैसे नाहीत” म्हणालात की महिन्याचा हप्ता किती कमी आहे ते ऐकवतो. “आधीच पॉलिसी आहे” म्हणालात की ती किती रकमेची आणि कुठल्या कंपनीची ते विचारतो, म्हणजे तुमची आणखी थोडी माहिती त्याच्या पदरात पडते. “मुलाला विचारून सांगते” म्हणालात तर मुलाचा नंबर मागतो. आपण दिलेलं प्रत्येक कारण ही त्याला टोपी अडकवायला मिळालेली खुंटी असते. “नको” या शब्दाला मात्र खुंटी नसते.

सगळ्यात महाग पडणारं वाक्य म्हणजे “आत्ता कामात आहे, नंतर करा”. आपण ते टाळण्यासाठी बोलतो. पण प्रत्येक कॉल संपल्यावर एजंटला कॉम्प्युटरवर शेरा निवडावा लागतो: रस नाही, पुन्हा फोन करा, नंबर चुकीचा, वगैरे. “नंतर करा” म्हणालात की तुम्ही “कॉलबॅक”मध्ये जाता. मग संध्याकाळी पुन्हा फोन येतो, उद्याही येतो, आणि तो करणाऱ्याच्या दृष्टीने तुम्हीच बोलावलेला असतो.

पण एखाद्याच्या तोंडावर फोन ठेवणं बरं दिसतं का?

हा प्रश्न मराठी घरांतून सगळ्यात जास्त येतो. माणूस बोलत असताना मध्येच फोन ठेवायचा नाही, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. इंदूरची हवाही तशीच: अनोळखी माणूससुद्धा “भिया” होऊन पोह्याच्या ठेल्यावर पाच मिनिटं थांबवतो. या फोनचा सगळा डोलारा या सौजन्यावरच उभा आहे. “सर, मेरी बात तो सुन लीजिए” हे वाक्य त्यासाठीच बसवलेलं असतं.

पलीकडे बऱ्याचदा वीस-बावीस वर्षांची मुलगी असते आणि तिला दिवसभरात ठरावीक कॉल व ठरावीक विक्री करून दाखवायची असते. तुम्ही संकोचाने सहा मिनिटं “हो, हो” करत ऐकलंत आणि शेवटी नको म्हणालात, तर नुकसान तिचंच. पाच सेकंदांत मिळालेला नकार तिलाही परवडतो. म्हणून लवकर फोन ठेवणं उद्धटपणाचं नाही. शिवी देणं मात्र उद्धटपणाचं आहे आणि निरुपयोगीही, कारण ती कंपनीच्या मालकापर्यंत कधीच पोचत नाही.

“हॅलो” म्हटल्यावर क्षणभर कुणीच बोलत नाही. हे काय?

नंबर माणूस लावत नाही, डायलर नावाची यंत्रणा लावते. ती एकाच वेळी अनेक नंबर लावते आणि कुणी “हॅलो” म्हटलं की तो कॉल रिकाम्या एजंटकडे ढकलते. मधली शांतता तेवढ्या वेळाची. एजंट रिकामा नसेल तर कॉल तसाच तुटतो, आणि आपल्याला वाटतं कुणीतरी मुद्दाम त्रास देतंय. अनोळखी नंबर असेल आणि “हॅलो”नंतर शांतता असेल, तर दुसऱ्यांदा “हॅलो” न म्हणता फोन ठेवायला हरकत नाही. ओळखीचा माणूस पुन्हा लावतो.

आडनाव बघून चक्क मराठीत बोलतात. “काका, मी पण मराठीच” असं म्हणतात.

खरंही असेल. इंदुरात मराठी मुलं कॉल सेंटरांत भरपूर आहेत. पण यादीत तुमचं आडनाव दिसतं म्हणूनच तो फोन मराठी येणाऱ्याकडे गेला, हेही तितकंच खरं. मग “काका, तुमचं मूळ गाव कुठलं?” सुरू होतं आणि काका रत्नागिरीपर्यंत जाऊन येतात. मराठीत विचारलं तर मराठीत “नको आहे” म्हणा.

माझा नंबर यांना मिळतो कुठून?

बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो. मॉलमध्ये उभ्या केलेल्या चकचकीत गाडीशेजारच्या पेटीत टाकलेलं लकी ड्रॉचं कूपन, प्रदर्शनातल्या स्टॉलवरची “फक्त नाव आणि मोबाइल” वही, कर्जाचे दर बघायला उघडलेली वेबसाइट, घर भाड्याने बघताना प्रॉपर्टीच्या पोर्टलवर भरलेली माहिती. भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये एकदा नुसती फी विचारून या, बारावीच्या निकालाच्या आठवड्यात कुठकुठल्या विद्यापीठांचे फोन येतात ते कळेल. शिवाय काही अॅप फोनमधली सगळी संपर्कयादी मागतात. आपण “अलाउ” दाबतो आणि मग आपल्या मावशीलाही फोन जायला लागतात.

व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दिलेली संमती परत घेण्याचा हक्क त्यात आहे. पण पेटीत कूपन न टाकणं हा आजही त्याहून वेगवान उपाय आहे.

डीएनडी, म्हणजे “जाहिरातीचे फोन-संदेश नकोत” ही नोंद, कशी लावायची?

१९०९ या नंबरवर इंग्रजी अक्षरांत “फुली ब्लॉक” (FULLY BLOCK) असा एसएमएस पाठवा, किंवा त्याच नंबरवर फोन करा. पैसे पडत नाहीत. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचं डीएनडी अॅप आहे, आणि तुमच्या कंपनीच्या अॅपमध्येही ही सोय सापडते. नोंद झाल्याचा एसएमएस येईपर्यंत काम झालं असं धरू नका.

सगळं बंद नको असेल तर “ब्लॉक” शब्दापुढे गटाचा आकडा लिहायचा. १ म्हणजे बँक, विमा, कर्ज, क्रेडिट कार्ड. २ म्हणजे घरं-जमिनी, ३ शिक्षण, ४ आरोग्य, ५ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं, ६ दूरसंचार, करमणूक आणि आयटी, ७ पर्यटन, ८ खाणंपिणं. माझ्या मते गट निवडत बसण्यात अर्थ नाही. सरळ सगळं बंद करा. ओटीपी, खात्यातून पैसे गेल्याचे संदेश, गॅस बुकिंगचे एसएमएस यांवर डीएनडीचा परिणाम होत नाही, म्हणून त्या भीतीने अडून राहू नका.

फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन्हींवरून वेगवेगळी नोंद करावी लागते. हे बरेच जण विसरतात. लँडलाइनचीही नोंद करता येते.

डीएनडी आहे, तरी फोन येतातच. मग उपयोग काय?

उपयोग आहे, अर्धा. देशात अशी यादी २००७ पासून आहे, २०१० मध्ये नियम कडक झाले आणि सध्याचे नियम २०१८ चे आहेत. नोंदणीकृत टेलिमार्केटिंग कंपन्या डीएनडीची यादी पाळतात, कारण त्यांचं परवानगीपत्रच त्यावर अवलंबून असतं. जाहिरातीच्या फोनसाठी त्यांना १४० ने सुरू होणारे नंबर दिलेले आहेत. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका आहे.

आपल्याला छळणारे फोन मात्र साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येतात. कुणीतरी एका खोलीत दहा-बारा मुलं बसवतो, हातात साधी सिमकार्डं देतो आणि लावायला सांगतो. असा विक्रीचा फोन मुळातच नियमबाह्य आहे. त्यामुळे १४० वाला फोन आला तर तो निदान स्वतःची ओळख देऊन आलाय असं समजा. साध्या मोबाइलवरून कुणी “मैं बैंक से बोल रहा हूँ” म्हणत काही विकत असेल, तर संशयाला तेवढं कारण पुरेसं आहे.

एसएमएसचंही तसंच. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता इंग्रजी अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी.

तक्रार करून काही होतं का?

होतं, पण एकट्याच्या तक्रारीने थोडंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम बदलले. तक्रार करायला पूर्वी तीन दिवस मिळायचे, आता सात मिळतात. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध कारवाईसाठी दूरसंचार कंपनीला ३० दिवस होते, ते आता पाच झाले. एका नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते. पहिल्यांदा त्याचे बाहेर जाणारे कॉल १५ दिवस बंद होतात, पुन्हा सापडला तर सगळ्या कंपन्यांकडची कनेक्शनं वर्षभरासाठी तोडली जातात. आणि तक्रार करायला आता आधी डीएनडी नोंद असण्याची अट नाही.

तक्रार १९०९ वर, डीएनडी अॅपमध्ये किंवा तुमच्या कंपनीच्या अॅपमध्ये करता येते. फोन आला तो नंबर, तारीख आणि काय विकत होता याची एक ओळ पुरते. अॅप सोयीचं, कारण कॉलच्या यादीतून नंबर उचलता येतो.

पाच तक्रारींचा आकडा लक्षात ठेवा. एकच प्लॉटवाला पूर्ण कॉलनीला फोन करत असतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर “आज परत त्याचा फोन!” लिहिण्याऐवजी पाच घरांनी तक्रार टाकली तर त्याचं सिम बंद होतं. नुसतं ब्लॉक केलंत तर तो तुम्हाला सोडून शेजारच्या घरी फोन करतो.

फोन आपल्याच बँकेचा असतो. नाही कसं म्हणायचं?

तसंच म्हणायचं. खातं आहे म्हणून कार्ड घ्यायची सक्ती नसते. “प्री-अप्रूव्ड” म्हणजे मंजूर झालंय असंही नाही. “बरं, बघा” म्हणून पॅन नंबर आणि ओटीपी दिलात तर बँक तुमची पतमाहिती तपासते, आणि अशी चौकशी क्रेडिट अहवालात नोंदली जाते.

न मागता क्रेडिट कार्ड घरी आलंच तर रिझर्व्ह बँकेचा निर्देश तुमच्या बाजूचा आहे. न मागितलेलं कार्ड देता येत नाही. संमतीशिवाय ते चालू करून बिल लावलं तर बँकेने ते बिल रद्द करायचं, शिवाय त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. बँक ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. त्यांचा फोन १४४४८.

आईने फोनवर “हो, हो” म्हटलं आणि विम्याची पॉलिसी घरी आली. आता?

पॉलिसीची कागदपत्रं हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाची किंमत, स्टँप ड्यूटी आणि तपासणी झाली असेल तर तिचा खर्च वजा होऊन बाकीचा हप्ता परत मिळतो. कारण म्हणून “फोनवर बँकेची एफडी आहे असं सांगितलं होतं” हे स्पष्ट लिहा, कारण तसंच सांगितलेलं असतं. अर्ज लेखी द्या, ईमेलही करा, पोच जपून ठेवा. एजंट “आंटीजी, एक महीना रुक जाइए, बोनस आ जाएगा” म्हणाला तर तो ३० दिवस उलटून जायची वाट बघतोय.

कंपनीने दाद दिली नाही तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा नंबर. त्यापुढे विमा लोकपाल. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे.

आणि विमा नियामक संस्था स्वतः कुणालाही पॉलिसी विकायला किंवा अडकलेला बोनस द्यायला फोन करत नाही.

शेअर बाजाराच्या टिप्सवाले. “सर, कल का जॅकपॉट कॉल है.”

या धंद्यात इंदूरचं नाव दुर्दैवाने देशभर झालंय. इथल्या पत्त्यांवरच्या सल्लागार कंपन्यांविरुद्ध सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, वर्षानुवर्षं आदेश काढलेत. त्यामुळे हा प्रश्न इंदूरकरांनी जास्त गंभीरपणे घ्यावा.

पद्धत ठरलेली असते. आधी दोन दिवस फुकट टिप. ती बरोबर आली तर आश्चर्य नको: निम्म्या लोकांना “वर जाईल” आणि निम्म्यांना “खाली जाईल” सांगितलं की कुणाला तरी बरोबर येतेच. मग पाच-दहा हजारांचं पॅकेज. तोटा झाला की “आपका रिस्क प्रोफाइल छोटा है, अपग्रेड करना पड़ेगा”. पुन्हा तोटा झाला की वरच्या साहेबांचा फोन. शेवटी पैसे परत मागितले की परतावा सोडवण्यासाठी आधी कर भरा. प्रत्येक पायरीवर बोलणारा नवा, आणि आधीच्याने काय कबूल केलं ते त्याला “माहीत नसतं”.

कायदा सरळ आहे. २०१३ च्या नियमांनुसार पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी लागते. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक इंग्रजी आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी. नंबर मागा, सेबीच्या वेबसाइटवरच्या यादीत शोधा, आणि तिथला पत्ता-फोन तोच आहे का बघा, कारण दुसऱ्याचा नंबर सांगणारेही असतात. ठरावीक फी घेणारा सल्लागार एका कुटुंबाकडून वर्षाला १,५१,००० रुपयांहून जास्त घेऊ शकत नाही. नफ्याची हमी नोंदणी असलेलाही देऊ शकत नाही. “गॅरंटी” शब्द आला की संभाषण संपवा. फी कुणा व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितली, तरी संपवा. नोंदणीकृत सल्लागाराविरुद्धची तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर जाते.

“सिंहस्थ के पहले रेट डबल” म्हणणारे प्लॉटवाले?

२०२८ चा सिंहस्थ उज्जैनला आहे हे खरं. मे २०२५ मध्ये सुपर कॉरिडॉरवर मेट्रो सुरू झाली हेही खरं. त्यातून एखाद्या शेतातला तुकडा दुप्पट होईल हे मात्र त्याचं म्हणणं. फोनवर फक्त एक विचारा: “रेरा नंबर (प्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक) काय?” बहुतेक वेळा “सर, एक बार साइट विज़िट कर लीजिए, गाड़ी भेज देता हूँ” असं उत्तर येतं. नंबर दिला तर मध्य प्रदेश रेराच्या वेबसाइटवर बघा. डायव्हर्शन झालंय का, म्हणजे शेतजमीन बिगरशेती झालीय का, आणि कॉलनीचा नकाशा मंजूर आहे का, हे त्यानंतरचे प्रश्न. टोकनचे पैसे यूपीआयने पाठवायची घाई करत असेल तर ती घाई त्याची आहे.

दुसऱ्याच्याच कर्जाच्या वसुलीचे फोन मला येतात.

“हा नंबर त्यांचा नाही” एकदा सांगा, मग संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर कर्जदारालाही फोन करायचा नाही, आणि त्याच्या नातेवाइकांना-मित्रांना छळायचं तर मुळीच नाही.

“आपका नंबर दो घंटे में बंद हो जाएगा, ९ दबाइए.” हे पण विक्रीवालेच का?

नाही, हे चोर. ट्राय कुणाचाही नंबर बंद करायला फोन करत नाही. त्यापुढे व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, पार्सलमध्ये सापडलेले अमली पदार्थ आणि “डिजिटल अरेस्ट” येतं. असली अटक कुठल्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या “मन की बात”मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं होतं. इथे सौजन्याचा प्रश्नच येत नाही, एक शब्दही न बोलता फोन तोडा.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा, नंतर बाकी. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम मधल्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील आणि फक्त संशयास्पद फोन असेल, तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू सोयीत कळवा.

अनोळखी नंबर सरसकट बंदच करून टाकले तर?

आयफोनमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय आहे, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये संशयित स्पॅम गाळता येतो, काही कंपन्या स्वतःच स्क्रीनवर इशारा देतात. तरुणांनी खुशाल वापरावं. घरात कुणी दवाखान्यात असेल, मुलगी मुलाखती देत असेल किंवा कुरिअरची वाट बघत असाल, तर तेवढे दिवस ही सोय बंद ठेवा. ट्रूकॉलरवर नाव दिसलं म्हणजे ओळख पटली असं नाही, ते नाव कुणीही काहीही टाकलेलं असू शकतं.

आजींना हे फोन आवडतात. तासभर बोलतात. काय करावं?

रागावू नका. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या माणसाला कुणी “आंटीजी, खाना खाया?” विचारलं तर बरं वाटणारच, आणि विचारणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. “बोलू नका” म्हणण्याचा उपयोग होत नाही, मग त्या लपवून बोलतात. एकच अट घाला: बोला हवं तेवढं, पण जन्मतारीख, खातं, कार्ड, ओटीपी यांचा विषय निघाला की “मुलगा आला की सांगते” असंही न म्हणता फोन ठेवायचा. बँकेचे संदेश मुलाच्या नंबरवरही येतील अशी व्यवस्था करा, आणि खात्यात रोजच्या खर्चापुरतेच पैसे ठेवून बाकीचे एफडीत टाका. दुपारी एक फोन तुम्हीच केलात तर उत्तम.

त्यांची गंमत करायला अर्धा तास गुंतवून ठेवलं तर?

तुमचा अर्धा तास तुमचा. पण यादीत “फोनवर बोलतो” अशी नोंद होते.

मुलाला अशाच एका ऑफिसात नोकरी मिळतेय. जाऊ द्यावं का?

कॉल सेंटरची नोकरी वाईट नसते. बोलायची भीती जाते, कॉम्प्युटर येतो, पहिला पगार हातात पडतो. तरी आधी दोन-तीन गोष्टी बघा. नेमणूकपत्र लेखी देतात का? विकायचं ते काय आहे, आणि शेअरचा सल्ला असेल तर सेबीची नोंदणी कुणाच्या नावावर? फोन कुठल्या नंबरवरून लावायचे, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. “स्वतःच्या आधारवर सिम काढून आण” असं सांगत असतील तर नोकरी नको. तक्रारी झाल्या की ते सिम मुलाच्या नावावर बंद होतं, आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला तर पोलीसही आधी त्याच्याच दारात येतात. आधीच असं सिम काढून दिलं असेल तर संचार साथीवर त्याच्या नावावरची सगळी कनेक्शनं दिसतात. नको ती तिथूनच बंद करायला टाका.